चाळिशीतील पाटी आणि कर्जाची वही

आपल्या मराठी नोकरदार घरांत दोन समजुती आजोबांपासून नातवापर्यंत न बोलता चालत आल्या आहेत. पहिली अशी की, शिक्षण हे विशी-बाविशीत आटोपून टाकावयाचे काम आहे; एकदा नोकरी लागली, दोनाचे चार हात झाले, की पाटी मुलांच्या हाती द्यावी. दुसरी अशी की, घर, लग्न आणि आजारपण यांखेरीज अब्रूदार माणसाने कर्ज काढू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे वचन आपल्या भिंतीवर टांगलेले नसले तरी मनात कोरलेले असते.

या समजुती काही अडाणीपणाच्या नव्हेत. गायकवाडांच्या पदरी कारकुनी, फडणिशी आणि शिक्षकी करावयास आपले पूर्वज बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्या जीवनाचा पायाच मुळी महिन्याच्या पगारावर आणि उतारवयातील निवृत्तिवेतनावर उभा होता. पुढे १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, तरी सरकारी कचेरी, रेल्वे, बँक आणि मोठे कारखाने यांच्या आधाराने तीच चाल चालू राहिली. ज्याला तीस-पस्तीस वर्षे एकाच खुर्चीत बसावयाचे आहे, त्याने पुन्हा शिकण्यासाठी कर्ज का काढावे?

परंतु आता ती खुर्चीच डळमळीत झाली आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या नेमणुकांना (सैन्यदले वगळता) जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. कारखान्यांत कायम कामगारांच्या जागी ठरावीक मुदतीची माणसे आली. संगणकाने जी कामे हलकी केली, त्यांतील काही कामे त्याने नाहीशीही केली. परिणामी ज्या वयात आपल्या वडिलांच्या पिढीने मुलीच्या लग्नाचा विचार सुरू केला, त्या वयात आजचा गृहस्थ 'आता दुसरे काय शिकावे?' या विचाराने रात्री जागा असतो.

शाळेच्या कार्यालयात बसल्यावर हा पालट आम्हांस डोळ्यांनी दिसतो. पूर्वी शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण इकडे सर्रास 'एल.सी.' म्हणतो, मागावयास सोळा-सतरा वर्षांची मुले येत. अलीकडे त्यांच्याबरोबर चाळिशीतील माणसेही येतात. कोणाला हरवलेल्या दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, कोणाला दहावीच्या गुणपत्रिकेसाठी मंडळाकडे अर्ज करावयाचा असतो. काम झाले तरी ती मंडळी लगेच उठत नाहीत. थोडे इकडचे तिकडचे बोलून मग खालच्या आवाजात विचारतात, "सर, या वयात शिकायला घेणं बरोबर आहे का? आणि त्यासाठी कर्ज काढलं तर?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. 'हिंमत करा' म्हणणारे व्याख्याते आहेत आणि 'नसते उद्योग कशाला' म्हणणारे आप्तही आहेत. आमचे मत असे की, प्रौढपणी घेतलेले शिक्षण आणि त्यासाठी काढलेले कर्ज तारते की बुडवते, हे हिंमतीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते क्रमावर अवलंबून असते. आधी काय, मग काय, आणि कशाला मुळीच हात लावावयाचा नाही, हे ठरले की निम्मी भीती ओसरते. हे सांगण्यासाठी दूर जावयास नको. बडोद्याशी ज्यांचा निकटचा संबंध आला अशा दोन थोर पुरुषांची चरित्रे या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत.

फाळक्यांचे वाटाण्याचे रोप

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर त्यांचे पुढील शिक्षण आपल्या बडोद्याच्या कलाभवनात झाले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची विद्या असे नाना प्रकार ते शिकले. पुढे छायाचित्रकार, पुराणवस्तू खात्यातील नोकर आणि मग छापखान्याचे चालक असे व्यवसाय त्यांनी एकामागून एक केले. छापखान्याच्या भागीदारांशी मतभेद झाल्यावर त्यांनी त्या धंद्यातून अंग काढून घेतले. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांच्या मनाने नवा ध्यास घेतला, तेव्हा त्यांना एक्केचाळिसावे वर्ष लागण्याच्या सुमारास होते. पदरी बायकामुले होती आणि हातात चालता धंदा नव्हता.

ही कथा आपण मुलांना 'वेड्या ध्यासाची कथा' म्हणून सांगतो. परंतु त्यांनी प्रत्यक्षात काय केले, ते पायरीपायरीने पाहिले तर त्यात वेड थोडे आणि हिशेब फार दिसतो. प्रथम त्यांनी घरच्या घरी, हाती लागतील ती पुस्तके, सूचीपत्रके आणि उपकरणे घेऊन अभ्यास केला. त्या काळात चित्रपट पाहण्याचा इतका सपाटा लावला की डोळ्यांचा आजार जडला. मग आपली विमापत्रे तारण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या आरंभी लंडन गाठले. तेथे वर्षे काढली नाहीत. सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याच्या कार्यशाळेत काम कसे चालते ते पाहून घेतले, विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व आवश्यक सामग्री खरेदी केली आणि ते परत आले.

परतल्यावरही त्यांनी लगेच मोठा चित्रपट आरंभला नाही. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून, अंकुर फुटण्यापासून रोप वाढेपर्यंतची चित्रे त्यांनी रोज थोडी थोडी टिपली आणि काही क्षणांची एक फीत तयार केली. ती फीत पाहून मग भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले ते या टप्प्यावर, नवऱ्याच्या हाती विद्या आली आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला.

या हकिकतीत आमच्या मते तीन धडे आहेत. पहिला कर्ज कशावर काढले याचा: ते स्वतःच्या साठवणुकीवर होते. दुसरा, कर्जाचा पैसा कशात गेला याचा: जी विद्या येथे मिळत नव्हती तेवढी मिळवण्यात आणि हत्यारे घेण्यात तो गेला, मिरवण्यात नाही. तिसरा धडा वाटाण्याच्या रोपाचा. मोठ्या कर्जाआधी छोटी परीक्षा त्यांनी स्वतःच स्वतःची घेतली. अर्थात पुढचे सारे आयुष्य सुखाचे गेले असे नव्हे. भागीदारांशी खटके उडाले, बोलपटाच्या आगमनानंतर काळ बदलला आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या घरी सुबत्ता नव्हती. एकदा शिकलेली विद्या जन्मभर पुरत नाही, हाही धडा त्यातच आहे.

एक धागा तुटला तेव्हा

दुसरे चरित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परतल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील पुढचे शिक्षण अर्धवट टाकून ते १९१७ साली परतले व बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. कचेरीत आणि गावात त्यांना जी वागणूक मिळाली, राहावयास जागा मिळू नये इतका जो छळ झाला, तो या शहराच्या इतिहासातील काळा अध्याय आहे. संकल्पभूमीवरून जाताना आजही मान खाली जाते.

आपल्या विषयापुरते पाहावयाचे ते त्यानंतरचे. नोकरी गेली, पदवी अर्धी राहिली, मुंबईत संसार होता. अशा वेळी त्यांनी प्रथम मिळवते होण्याचा मार्ग धरला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकू लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्या गाठीशी तीन प्रकारचा पैसा होता: स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे दीड हजार रुपयांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. मागे रमाबाई संसाराचा गाडा ओढीत होत्या. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. आणि त्याच काळात बॅरिस्टरी, असे तुटलेले सगळे धागे त्यांनी जोडून घेतले.

बचत आधी, साहाय्य त्यानंतर आणि कर्ज सर्वांत शेवटी, तेही व्याजासाठी टपलेल्या सावकाराचे नव्हे. हा क्रम ज्याने पाळला त्याच्या नावाने गुजरातेत १९९४ पासून मुक्त विद्यापीठ चालते, हे किती यथार्थ आहे!

शुल्क दिसते, पगार दिसत नाही

आता आपल्या घरांकडे येऊ. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एका कारखान्याच्या भांडार विभागात होते. एक्केचाळिसाव्या वर्षी कारखान्यात कपात होणार अशी कुणकुण लागली. घाबरून त्यांनी एका खासगी संस्थेत व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. शुल्क एक लाख वीस हजार रुपये. संस्थेनेच एका वित्तसंस्थेचा माणूस समोर बसवला, तो म्हणाला, "साहेब, फक्त दहा टक्के व्याज, तीन वर्षांत फेडा." गृहस्थांनी सह्या केल्या. घरी सांगितले नाही; पदवी हातात आल्यावर एकदम सांगू, असा विचार. पुढे असे झाले की, जेथे अर्ज केला तेथे ते प्रमाणपत्र मान्य नव्हते, नोकरी गेली, आणि दोन हप्ते थकल्याची चिठ्ठी पत्नीच्या हाती पडली. तोवर थोरल्या मुलीची शिकवणी गुपचूप बंद झाली होती. ती का बंद झाली, हे त्या माउलीला त्या दिवशी कळले.

पतिपत्नी दोघेही आमच्याकडे कागद घेऊन आली, तेव्हा आम्ही प्रथम 'दहा टक्के' या शब्दांचा अर्थ लावून पाहिला. हे व्याज 'सपाट' होते. म्हणजे दर वर्षी बारा हजार, तीन वर्षांचे छत्तीस हजार, मूळ रकमेत मिळवून एक लाख छप्पन्न हजार. दरमहा हप्ता सुमारे ४,३३३ रुपये. मुद्दल हप्त्याहप्त्याने फिटत जाते, परंतु व्याज शेवटपर्यंत पूर्ण रकमेवरच आकारले जाते. खरा दर काढला तर तो सुमारे १८ टक्के पडतो. तीच रक्कम घटत्या बाकीवर चौदा टक्क्यांनी घेतली असती, तर हप्ता सुमारे ४,१०० रुपये पडला असता. दहा टक्के हे चौदा टक्क्यांहून महाग असू शकते, हे गणित आम्ही शाळेत शिकवतो. पण सही करताना ते कोणाला आठवत नाही.

याहून वाईट म्हणजे ओळखीच्या सावकाराचे 'शेकडा तीन'. एक लाख वीस हजारांवर दरमहा ३,६०० रुपये नुसते व्याज. तीन वर्षांत एक लाख एकोणतीस हजार सहाशे रुपये भरून होतात आणि मुद्दलातील एक रुपयाही कमी झालेला नसतो. क्रेडिट कार्डाची थकबाकीही बहुधा याच घरात मोडते, तेथेही महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात. फरक इतकाच की तो सावकार दारात येऊन बसत नाही.

तथापि व्याजाहूनही मोठा असा एक खर्च आहे, जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. तो म्हणजे बुडालेला पगार. समजा, एखाद्याला दरमहा पंचवीस हजार मिळतात आणि तो दोन वर्षे नोकरी सोडून शिकतो. शुल्क एक लाख वीस हजार, चौदा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज सुमारे सत्तावीस हजार सहाशे. पण बुडालेला पगार सहा लाख! नव्या नोकरीत दरमहा पाच हजार जास्त मिळाले असे धरले, तर नुसते शुल्क आणि व्याज भरून निघावयास अडीच वर्षे लागतात. बुडालेला पगार मिळवला तर साडेबारा वर्षे. चाळिसाव्या वर्षी आरंभ करणारा माणूस चौपन्न-पंचावन्नाव्या वर्षी बरोबरीला येतो. पन्नाशीत आरंभ करणारा निवृत्तीपर्यंत बरोबरीला येतच नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, चालू नोकरी असेल तर ती न सोडता शिकता येईल असा मार्ग आधी शोधावा. ज्याची नोकरी आधीच गेली आहे, त्याला हे गणित लागू नाही. त्याचा वेळ स्वस्त आहे, पण शिल्लक पैसा फार मोलाचा आहे. त्याने दीर्घ पदवीपेक्षा थोड्या महिन्यांत हाताला काम देणारे कौशल्य आधी घ्यावे आणि पदवी मागाहून.

मार्ग कोणते?

नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी आज जितकी दारे उघडी आहेत, तितकी आमच्या तरुणपणी नव्हती. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. अहमदाबादच्या आंबेडकर मुक्त विद्यापीठाचा उल्लेख वर आलाच आहे. ज्यांची दहावी-बारावी राहिली असेल त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यवस्थेवर विद्यापीठीय विषयांची व्याख्याने घरबसल्या विनामूल्य ऐकता येतात. परीक्षा द्यावयाची तरच शुल्क. हेच आपले वाटाण्याचे रोप! ज्याला हिशेबनीस व्हावयाचे त्याने एक विषय चार महिने मन लावून करून पाहावा. ज्याला शिक्षक व्हावयाचे त्याने आळीतील चार मुले चार महिने शिकवून पाहावीत. गोडी टिकली, देह थकला तरी मन थकले नाही, तर पुढचे पाऊल टाकावे.

पैसे भरण्यापूर्वी तीन चौकश्या अवश्य कराव्यात. संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची किंवा संबंधित परिषदेची मान्यता आहे काय? ज्या नोकरीसाठी शिकतो आहोत तेथे दूरशिक्षणाची पदवी चालते काय? आणि त्या नोकरीला वयाची मर्यादा आहे काय? शिकण्याला वय नसते हे खरे. परंतु सरकारी नेमणुकीला असते. बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आहे, हे ध्यानात न घेता वयाचा हिशेब मांडणारे आम्हांस दरवर्षी भेटतात.

आमच्या माहितीतील एका बाईंनी छत्तिसाव्या वर्षी हा मार्ग धरला. पतीच्या दुकानाचे उत्पन्न घटले होते. त्या दुपारी शिकवण्या घेत. त्यातील पैशांवर त्यांनी मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत बी.ए. केले, एक रुपयाही कर्ज न काढता. बी.एड.साठी मात्र रोज महाविद्यालयात जावे लागणार होते. तेव्हा शिकवण्या संध्याकाळी नेल्या आणि कमी पडलेले चाळीस हजार रुपये स्वतःच्या विमा पॉलिसीवर उचलले. आज त्या एका खासगी शाळेत आहेत. पगार अपेक्षेपेक्षा कमीच आहे. परंतु तो दर महिन्याला येतो आणि पॉलिसी सोडवून झाली आहे. यात टाळ्या मिळवण्यासारखे काही नाही, पण ते घर सावरले.

दुसरे एक उदाहरण छापखान्यातील. खिळे जुळवण्यात हयात घालवलेले एक सद्गृहस्थ, १९९० नंतरच्या दशकात संगणक आल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी निरुपयोगी ठरणार होते. त्यांनी मालकाला विचारून रोज काम संपल्यावर दोन तास त्याच छापखान्याच्या संगणकावर बसण्यास आरंभ केला. शुद्धलेखन आणि पानाची मांडणी त्यांच्या हाडीमाशी होतीच. फक्त बोटांना नवी जागा शिकवावयाची होती. जुन्या विद्येचा कोणता भाग नव्या धंद्यात चालेल, हे ज्याने ओळखले त्याला कर्ज थोडे लागते. फाळक्यांचेही तेच झाले. छायाचित्रण आणि ठसेकाम त्यांना आधीच अवगत होते.

कर्ज काढावेच लागले तर

काही वेळा कर्जावाचून गत्यंतर नसते, आणि तसे असेल तर त्याची लाजही बाळगू नये. मात्र क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, जुनी महाग कर्जे आधी संपवावीत. कार्डाची थकबाकी आणि शेकड्याचे व्याज डोक्यावर असताना नवे शैक्षणिक कर्ज घेणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय.

दुसरी गोष्ट, निदान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्यास शिक्षणासाठी हात लावू नये. राहते घर तर मुळीच गुंतवू नये. धंदा चुकला तर दुसरा करता येतो, डोक्यावरचे छप्पर पुन्हा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, शक्य असेल तर एक वर्ष थांबावे. ज्या एक लाख वीस हजारांची गोष्ट आपण केली, त्यातील साठ हजार जर दरमहा पाच हजार याप्रमाणे वर्षभरात जमले, तर कर्ज निम्मे, हप्ता निम्मा आणि व्याजही निम्मे होते. शिवाय पाच हजारांशिवाय घर चालते की नाही, याची परीक्षा हप्ता सुरू होण्याआधीच होऊन जाते.

चौथी गोष्ट, कागद वाचावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्था यांनी व्यक्तींना नवे मुदतकर्ज देताना सर्व आकार धरून पडणारा वार्षिक दर एका पत्रकात लिहून द्यावा आणि ते पत्रक कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मागून घ्यावा. मागितल्याने कोणी रागावत नाही. रागावला तर त्याच्याकडून कर्ज घेऊ नये. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपून बहुधा वर्षभरानंतर हप्ते सुरू होतात. परंतु मधल्या काळातही व्याज चढत असते. ते तेव्हाच भरत गेल्यास पुढचा भार हलका होतो. अशा कर्जाच्या व्याजाची आयकरात कमाल आठ वर्षे वजावट मिळते, ती जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यालाच. नव्या पद्धतीत ती नाही.

वर सांगितलेल्या भांडार विभागातील गृहस्थांनीही शेवटी हाच मार्ग धरला. एका वहीच्या पानावर सारी देणी मांडली. वित्तसंस्थेकडे जाऊन थकलेले हप्ते विभागून घेतले, स्कूटर विकली, एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम धरले. प्रथम सुरू केली ती मुलीची शिकवणी. पत्नीचीच ती अट होती, आणि ती योग्य होती.

संमती आणि दागिना

शेवटचा मुद्दा हिशेबाच्या वहीत न मावणारा आहे. आपल्या घरांत पैशाची अडचण आली की गृहिणी न बोलता बांगड्या काढून देते, आणि आपण त्या त्यागाचे गोडवे गातो. परंतु दागिना देणे आणि संमती देणे यांत अंतर आहे. सरस्वतीबाई फाळके नवऱ्याच्या उद्योगात नुसत्या दागिने देऊन बाजूला झाल्या नाहीत. फिती धुण्याचे काम त्या शिकल्या, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी सांभाळला. पैसा कोठे जातो आहे आणि का जातो आहे हे त्यांना ठाऊक होते. रात्री पुस्तक घेऊन बसणाऱ्या नवऱ्याला, किंवा परीक्षेला निघालेल्या सुनेला, घरातील इतरांनी जे दोन तास मोकळे करून दिलेले असतात, तेही कर्जच असते. त्याची नोंद वहीत नसली तरी ते फेडावे लागते.

म्हणून आमची सूचना अशी की, असा निर्णय घेताना घरातील कळत्या मुलांसकट सर्वांना बसवून एकदा आकडे मोठ्याने वाचावेत. हप्ता किती, किती महिने, कोणती हौस या काळात बंद राहील, कोणाची फी कोणत्याही परिस्थितीत थांबणार नाही, आणि बेत फसला तर कोणत्या तारखेला थांबावयाचे. ही शेवटची तारीख लिहून ठेवणे कित्येकांना अपशकुनी वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. परत फिरण्याची वाट ठाऊक असलेला माणूस डोंगर अधिक निर्धास्तपणे चढतो.

आणि मुलांविषयी म्हणाल, तर एवढे अनुभवाने सांगतो. ज्या घरात आई किंवा वडील चाळिशीत पुस्तक उघडून बसतात, त्या घरातील मुलाला 'अभ्यासाला बस' असे फारसे सांगावे लागत नाही. आमच्या वर्गात असे मूल आले की ते ओळखू येते. गणित चुकले तर ते रडत नाही; पुसते आणि पुन्हा मांडते. वह्या तपासताना ते आम्हांस अनेकदा दिसले आहे.